कुर्डुवाडी : दोन रुळांमधलें गांव

पुण्याहून सोलापुराकडे जाणारी गाडी दौंड, भिगवण, जेऊर, केम हीं स्टेशनें मागें टाकून कुर्डुवाडीस येते, तेव्हां आमच्या वाचकांपैकीं बहुतेक जण एक तर झोपेंत असतात, नाहीं तर पंढरपुरास जावयाचें म्हणून सामान गोळा करण्याच्या गडबडींत असतात. स्टेशनापलीकडे एक गांव आहे आणि त्यास कांहीं इतिहास असेल, ही कल्पना सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आम्हीही पुष्कळ वर्षें याच वाटेनें गेलों, परंतु फलाटावरचा चहा घेण्यापलीकडे या गांवाचा विचार केला नाहीं. मध्यंतरीं एकदां पुढची गाडी चुकली आणि चार-पांच तास तेथें काढणें भाग पडलें. वेळ घालविण्याकरितां म्हणून आम्ही स्टेशनाभोंवतीं हिंडलों, दोन-चार वृद्धांशीं बोललों, आणि घरीं परतल्यावर जुनीं पुस्तकें चाळलीं. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम नांवाविषयीं. जवळच कुर्डू नांवाचें जुनें गांव आहे. त्याची वाडी ती कुर्डुवाडी. पावसाळ्यांत रानांत उगवणारी कुरडूची भाजी व हें नांव यांचा कांहीं संबंध आहे काय, असें आम्हांस एका मित्रानें विचारलें. त्याचें उत्तर भाषाशास्त्रज्ञांवर सोंपविलेलें बरें. खरी गंमत पुढेंच आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें येथें स्टेशन बांधलें तेव्हां त्याला ना कुर्डूचें नांव दिलें, ना वाडीचें. पाटीवर नांव आलें तें ‘बार्शी रोड’. नाशिक रोड, अक्कलकोट रोड या नांवांप्रमाणेंच या नांवाचा अर्थ इतकाच कीं, बार्शीस जावयाचें असेल त्यानें येथें उतरून रस्ता धरावा. जन्मतःच दुसऱ्याच्या दारावरची पाटी कपाळीं घेऊन आलेलें असें हें गांव आहे.

या रेल्वेचा मार्ग पुण्यापर्यंत १८५८ सालीं आला. त्याच सालीं तो दिकसाळास पोंचला, १८५९ सालीं बार्शी रोडास आणि १८६० सालीं सोलापुरास. त्या वेळीं बोरघाटाचें काम चालूंच होतें. तें १८६३ सालीं पुरें झालें. म्हणजे सोलापूरचा माल आगगाडींत चढूं लागल्यावरही तीन वर्षें तो खंडाळ्यास उतरून घाट खालीं जात असे व पुन्हां गाडींत चढत असे. माल एका गाडींतून काढून दुसरींत घालणें हा प्रकार या मार्गाच्या नशिबीं पहिल्यापासूनच होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण कुर्डुवाडीची सारी कथा याच एका गोष्टीची आहे.

भोंवतालचा मुलूख माढें तालुक्याचा. सह्याद्रीनें अडविलेल्या पावसाचें जें उरेल तें या भागास मिळतें. वर्षाकांठीं वीस-बावीस इंच पडला तर लोक समाधान मानतात. काळी जमीन, तिजवर रब्बीची ज्वारी, मधून मधून माळरान. माढ्यास रावरंभा निंबाळकरांचें नांव सांगणारी गढी व माढेश्वरीचें देऊळ आहे. केम येथें कुंकवाचा धंदा पूर्वापार चालत आलेला आहे, व त्या गांवचें कुंकू आमच्या कित्येक वाचक भगिनींच्या करंड्यांत असेल. आष्टीचा मोठा तलाव १८७६-७८ च्या दुष्काळांत कामावर आलेल्या भुकेल्या माणसांच्या हातांनीं झाला. त्या दुष्काळानें सोलापूर जिल्ह्याचें जें नुकसान केलें तें शब्दांत सांगणें कठिण. आगगाडीनें आलेलें धान्य स्टेशनापर्यंत येऊन पोंचे. पण पुढें गांवोगांव तें नेणार कोण? बैलच चाऱ्यावांचून मेले होते. आगगाडी असून उपास, हा अनुभव या मुलखानें घेतला आणि सरकारनेंही घेतला. १८८० च्या दुष्काळ-कमिशनानें लोहमार्ग वाढविण्याची जी शिफारस केली तिचें मूळ अशाच अनुभवांत आहे.

आतां बार्शी. भगवंताच्या देवळामुळें भाविकांस ठाऊक असलेलें हें गांव व्यापाऱ्यांस मात्र कापूस व गळिताचीं धान्यें यांची पेठ म्हणून ठाऊक होतें. बालाघाटाच्या पायथ्याशीं ती वसलेली. वरच्या मोंगलाईंतून, म्हणजे निजामाच्या राज्यांतून, कापूस, जवस, तीळ, तूर घाट उतरून येथें यावयाची आणि मुंबईहून मीठ, कापड, लोखंड वर जावयाचें. इंग्रज इंजिनिअरांना मात्र बार्शीशीं कर्तव्य नव्हतें. त्यांस मुंबईहून निघून रायचुरास मद्रासकडून येणारा रूळ गांठावयाचा होता, व तो त्यांनीं १८७१ सालीं गांठला. या सरळ रेषेपासून बार्शी एकवीस मैल बाजूला पडली. एकवीस मैल म्हणजे बैलगाडीचे दोन मुक्काम. पावसाळ्यांत काळ्या मातीनें चाकें धरलीं तर त्याहूनही अधिक. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला सोन्याचा भाव आला त्या काळांत बार्शी रोडास कापसाच्या गाड्यांची जी रीघ लागली असेल तिची कल्पना करावी. गाडीवान उतरणार, बैल सोडणार, रात्र काढणार, दुसरे दिवशीं परतीचा माल मिळेपर्यंत थांबणार. या थांबण्यांतूनच खाणावळ, धर्मशाळा, वाण्याचें दुकान, लोहाराचा भाता हीं सारीं उत्पन्न होतात. ज्याला आपण गांव म्हणतों त्याचा कुर्डुवाडीस आरंभ झाला तो असा.

या एकवीस मैलांचें कोडें सोडविण्याचें ज्याच्या मनानें घेतलें तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाचा इंग्रज इंजिनिअर. १८५७ सालीं जन्मलेला हा गृहस्थ विलायतेंतील आगगाडीच्या कारखान्यांत शिकून १८८२ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला. मुख्य मार्गास येऊन मिळणारे लहान, स्वस्त पोषक मार्ग बांधले तर आडबाजूचा मुलूख व्यापारांत येईल, हा विचार त्याच्या डोक्यांत शिरला, आणि मग तो कांहीं केल्या निघेना. रजा घेऊन त्यानें जागा पाहिल्या, बार्शी त्याला पसंत पडली. सरकारशीं पत्रव्यवहार, भांडवलाची खटपट, नोकरीचा त्याग, असें करतां करतां आठ-नऊ वर्षें गेलीं. शेवटीं १८९५ सालीं लंडनमध्यें बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली.

या मार्गाची कल्पना आमच्या वाचकांस थोडी समजून सांगितली पाहिजे, कारण तींत केवळ काटकसर नव्हती, बुद्धि होती. मुख्य मार्गाचे रूळ एकमेकांपासून साडेपांच फूट अंतरावर. कॅलथ्रॉपनें आपले ठेवले अडीच फुटांवर. अरुंद रुळांचे मार्ग पूर्वीं झाले नव्हते असें नाहीं. परंतु त्यांवरील इंजिन जड व डबे क्षुल्लक असा प्रकार असे. रूळ, पूल व भराव इंजिनाच्या वजनाला पुरतील असे भक्कम बांधावे लागत, आणि डब्यांत मात्र माल थोडा. कॅलथ्रॉप म्हणाला, रुळावर भार पडतो तो आंसागणिक. तेव्हां इंजिन असो कीं डबा असो, कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक ओझें पडूं द्यावयाचें नाहीं, पण डब्यांच्या आंसांवरही तें पांच टनांपर्यंत पुरेपूर येऊं द्यावयाचें. म्हणजे चार आंसांच्या डब्याचें मालासकट वजन वीस टन. डबा स्वतः हलका असावा म्हणून लीड्स येथील कारखान्यांतून दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचे सांगाडे आणविले, आणि लीड्सच्याच किटसन कंपनीनें इंजिनें बांधलीं, त्यांचें वजन बारा चाकांवर वांटलेलें. जहाजावर चढविण्यापूर्वीं हा सारा सरंजाम लीड्सजवळ तात्पुरते रूळ घालून जाणत्या लोकांना चालवून दाखविला गेला. लहान आगगाडी म्हणजे खेळणें, हा समज मोडणारी ही गाडी होती, आणि अरुंद मार्गांच्या इतिहासांत बार्शीचें नांव आदरानें घेतलें जातें तें यामुळें.

१८९७ सालीं हा मार्ग खुला झाला. देशांत पुन्हां दुष्काळ होता, व मुंबई-पुण्यांत प्लेगानें कहर मांडला होता. अशा वेळीं कुर्डुवाडीच्या स्टेशनाशेजारीं ही दुसरी, बुटकी आगगाडी येऊन उभी राहिली, आणि बैलगाडीवाल्यांची रीघ ओसरली. बार्शीचा माल आतां कांहीं तासांत कुर्डुवाडीस येऊं लागला. पण पुढें? लहान डबा मोठ्या रुळावर चालत नाहीं, मोठा लहानावर चालत नाहीं. एकीकडे अडीच फूट, दुसरीकडे साडेपांच फूट, आणि मध्यें माणूस. गठ्ठा असो, पोतें असो, तेलाचा डबा असो, प्रत्येक नग इकडून उचलून तिकडे ठेवावा लागे. तो उचलणारा हमाल, मोजणारा कारकून, फुटलें-सांडलें यावरून भांडणारा मुनीम, रात्रीं माल उघड्यावर राहिला तर राखणारा पहारेकरी, या सर्वांचें पोट त्या तीन फुटांच्या फरकावर चालूं लागलें. पुढें इंजिनांच्या दुरुस्तीचा कारखाना आला, त्याबरोबर फिटर, लोहार, सुतार आले; चाळी उठल्या, शाळा निघाल्या, बाजार भरूं लागला. तालुक्याचें ठाणें माढें, परंतु वर्दळ कुर्डुवाडीस, असा उलटा प्रकार झाला.

येथें एक गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. याच कॅलथ्रॉपच्या सल्ल्यानें १९०४ सालीं इंग्लंडांत लीक व मॅनिफोल्ड खोऱ्यांत असाच अडीच फुटी मार्ग झाला. तेथें त्यानें मोठ्या रुळावरचा भरलेला डबाच्या डबा उचलून धरणारे खास वाहक डबे केले, म्हणजे माल उतरवावयास नकोच. कुर्डुवाडीस मात्र हें काम माणसांच्या पाठीवर राहिलें. इंग्लंडांत मजूर महाग होता, माढें तालुक्यांत तो स्वस्त होता. याहून अधिक कारण शोधण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं.

१९०६ सालीं दुसरी शाखा पंढरपुरास गेली. तोंपर्यंत लांबून येणारे वारकरी बार्शी रोडास उतरून एकतीस मैल पायीं किंवा गाडीनें जात. आषाढी-कार्तिकीस कुर्डुवाडीच्या फलाटावर जी दाटी होऊं लागली तिच्या आठवणी सांगणारे लोक अजूनही भेटतात. प्रवाशांचे डबे पुरत ना, तेव्हां मालाचे डबे जोडीत. त्यांत माणसें उभीं, टपावरही माणसें, आणि इंजिनाच्या शिटीहून मोठा टाळ-मृदंगाचा गजर. पंढरीची वारी आणि पटकी यांची संगत जुनी. म्हणून यात्रेच्या दिवसांत उतारूंची तपासणी, टोचणी, अटकाव हेंही ओघानें आलें. माल वाहून नेण्यासाठीं निघालेल्या कंपनीला भक्तांनीं पैसा मिळवून दिला, ही गोष्ट तिच्या भागीदारांस लंडनमध्यें बसून चमत्कारिकच वाटली असेल. आमच्या एका वृद्ध यजमानांनीं सांगितलें कीं, त्यांच्या आजी हयातभर पायींच गेल्या. गाडींत बसून विठोबाला भेटणें म्हणजे परक्याच्या खांद्यावरून देवळांत जाणें, असें त्या म्हणत. परंतु त्यांच्याच सुना गाडीनें गेल्या, आणि विठोबा त्यांच्यावर रुसल्याचें कोणाच्या ऐकिवांत नाहीं.

बार्शीच्या पुढें मार्ग मोंगलाईंत शिरला आणि येडशीवरून १९११ सालीं लातुरास पोंचला. लातूरची आडत पेठ आज सर्वांस ठाऊक आहे. तिच्या भरभराटीचा पाया या अरुंद रुळांनीं घातला. सरहद्दीवर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. एका डब्यांतलीं माणसें घडींत इंग्रजी अंमलाखालीं, घडींत हैदराबादच्या. १९४७-४८ सालीं रझाकारांच्या भयानें मराठवाड्यांतील पुष्कळ कुटुंबें सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरच्या बाजूस आलीं, तेव्हां याच मुलखानें त्यांना आसरा दिला. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान विलीन झालें आणि ती सरहद्द पुसली गेली.

दुसऱ्या टोंकास पंढरपूरचा मार्ग १९२७ सालीं मिरजेस जाऊन भिडला, व लातूर ते मिरज अशी दोनशें मैलांची लांबी पुरी झाली. त्याच सालीं कॅलथ्रॉप वारला. आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यानें आगगाडी सोडून विमानांतून उडी टाकणाऱ्यांसाठीं हवाई छत्री बनविण्याचा ध्यास घेतला होता. पहिल्या महायुद्धांत शत्रूच्या मुलखांत हेर उतरविण्यास ती उपयोगीं पडली, पण स्वतःच्या वैमानिकांस ती देण्यास अधिकाऱ्यांनीं टाळाटाळ केली, आणि तो त्या दुःखांतच राहिला. अरबी घोड्यांवरही त्याचें प्रेम होतें व त्यानें घोड्यांवर एक पुस्तक लिहिलें. कुर्डुवाडीस त्याचें नांव ठाऊक असलेला मनुष्य आम्हांस त्या दिवशीं भेटला नाहीं.

१ जानेवारी १९५४ रोजीं सरकारनें ही रेल्वे ताब्यांत घेतली आणि ती मध्य रेल्वेंत सामील झाली. कंपनी गेली, तरी लोकांच्या तोंडीं ‘बार्शी लाइट’ हें नांव राहिलें तें राहिलेंच. तिच्या सावकाशपणाच्या गोष्टी कोणी ऐकल्या नाहींत? उतरून शेतांतल्या शेंगा तोडाव्या आणि पुन्हां चढावें, गार्डानें ओळखीच्या म्हातारीसाठीं गाडी थांबवावी, अशा गोष्टी सांगतांना सोलापूरकडच्या माणसाचे डोळे लकाकतात. त्या गाडीचें प्रेम आम्हांसही आहे. परंतु तिच्या मायेंत गुंतून एक हिशेब विसरतां कामा नये. लातूरच्या शेतकऱ्याची तूर मुंबईस जातांना कुर्डुवाडीस उतरत होती, पुन्हां चढत होती; त्या उतरण्या-चढण्याचा खर्च, त्यांत गेलेले दिवस, फुटलेल्या पोत्यांची घट, हें सर्व त्याच्या पदरच्या भावांतून वजा होत होतें. आम्हांला खिडकींतून दिसणारी मौज त्याच्या पैशानें चाललेली होती. आणि हेंही तितकेंच खरें कीं, त्याच वजाबाकींतून कुर्डुवाडीचीं शेंकडों घरें उभीं राहिलीं. एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा संसार, अशा ठिकाणीं न्याय कोणत्या बाजूस आहे हें ठरविणें आम्हांस तरी सोपें वाटत नाहीं. रूळ रुंद करा अशी मागणी लातूर, बार्शी, पंढरपूर येथील लोक पुष्कळ वर्षें करीत होते. ती मागणी रास्त होती, असें आमचें मत आहे. पण ती मान्य झाली त्या दिवशीं कुर्डुवाडीच्या हमालानें पेढे वांटले नसतील.

या शतकाच्या आरंभीं पंढरपूरची शाखा रुंद झाली. लातूर ते उस्मानाबाद २००७ सालीं आणि तेथून कुर्डुवाडीपर्यंत २००८ सालीं रुंद रूळ पडले. जुना अरुंद मार्ग उस्मानाबाद शहरास टाळून गेला होता. नवा मार्ग मुद्दाम वळवून त्या शहरास नेला, व बार्शीप्रमाणें बाजूस पडलेल्या आणखी एका गांवाची तक्रार दूर झाली. (त्या शहराचें नांव २०२३ पासून धाराशिव.) पुढील दोन-तीन वर्षांत मिरजेपर्यंतचा तुकडाही बदलला, आणि अडीच फुटी बार्शी लाइट संपली. आतां लातूरहून निघालेली गाडी कुर्डुवाडीस थांबते ती इंजिनाला किंवा उतारूंना पाहिजे म्हणून, रूळ संपला म्हणून नव्हे.

मग गांवाचें काय झालें? तें ओस पडेल असें आम्हांस वाटलें होतें. तसें झालें नाहीं. कारखाना निराळ्या कामावर चालू राहिला. सरकारी कचेऱ्या पूर्वींच येथें आलेल्या होत्या. आणि मधल्या काळांत भोंवतालचा मुलूखच पालटला होता. भीमेवर उजनीचें धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें. त्याच्या फुगवट्याखालीं जुन्या लोहमार्गाचा कांहीं भाग जाऊन रूळ दुसरीकडून न्यावे लागले. पण कालव्यांचें पाणी ज्या रानांत पोंचलें तेथें ज्वारीच्या जागीं ऊस उभा राहिला. ज्या तालुक्यांत आष्टीचा तलाव उपाशी हातांनीं खणला गेला, तेथें गाळपाच्या हंगामांत ट्रॅक्टरांच्या रांगा रस्ता अडवितात. स्टेशनासमोरच्या चहाच्या दुकानांत आम्ही बसलों होतों तेथें बोलणें चाललें होतें तें उसाच्या दराचें, आगगाडीचें नव्हे. एका म्हाताऱ्या हमालास मात्र आम्हीं मुद्दाम विचारलें, पूर्वींचें बरें कीं आतांचें? तो म्हणाला, “पाठ आतांची बरी, पैसा तवाचा बरा.”

त्यानेंच मग दुसरी एक गोष्ट सांगितली. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराचें पाणी साफ आटलें. पिण्याचें पाणी टांक्यांच्या आगगाडीनें न्यावयाचें ठरलें, आणि मिरजेहून पहिली गाडी निघाली. दहा डबे, सुमारें पांच लाख लिटर कृष्णाकांठचें पाणी. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव या वाटेनें ती १२ एप्रिलला लातुरास पोंचली. पुढें डब्यांची संख्या पन्नासापर्यंत गेली व त्या फेऱ्या चालू राहिल्या. १८७७ सालीं धान्य स्टेशनावर येऊन अडलें होतें. अडीच फुटी रूळ असते तर हें पाणीही मिरजेस नाहीं तर कुर्डुवाडीस अडलें असतें, कारण पोतें पाठीवर घेतां येतें, पाणी घेतां येत नाहीं. रात्रीं ती गाडी कुर्डुवाडीवरून गेली तेव्हां हा म्हातारा फलाटावर आला होता. उचलावयाचें कांहींच नव्हतें. “नुसता बघायला आलो होतो,” तो म्हणाला, आणि आमची गाडी आली म्हणून आमची पिशवी उचलूं लागला.